मदत हवी आहे: समुद्राकडे तोंड असलेलं चर्च आणि आमचा पावसाळा

नमस्कार मंडळी,

वसईच्या किनारपट्टीवरच्या आमच्या गावात जुनं चर्च उतरवून नवं बांधायचं ठरलंय. मी वास्तुरचनाकार आणि त्याच धर्मग्रामातला, त्यामुळे आराखडा माझ्याकडे आलाय. जुन्या स्लॅबच्या सळया खाऱ्या हवेनं फुगल्यात. मागच्या वर्षी सिमेंटचा एक पोपडा थेट बाकावर पडला, नशीब तेव्हा मिस्सा (चर्चमधली सामुदायिक प्रार्थना) नव्हती.

वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला, ही जुनी रीत. आमच्याकडे पश्चिमेलाच समुद्र, म्हणजे नैऋत्येचा पाऊस सरळ आत. तरी दार उघडलं की समुद्र दिसायलाच हवा, यावर अख्ख्या गावाचं एकमत आहे. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर, माणसं घरी. म्हणजे आमच्याकडे मिस्साला सगळ्यात जास्त गर्दी नेमकी मुसळधार पावसात. चर्च आधी त्या दोन महिन्यांसाठी नीट जमायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

समितीतल्या तरुणांना छप्पर उपड्या होडीसारखं हवं होतं. मीही उत्साहानं तसं चित्र काढलं. एका वयस्कर नाखव्यानं ते पाहिलं आणि म्हणाले, "बाळा, उपडी होडी दिसली की आमच्या पोटात गोळा येतो." तो कागद मी पुन्हा उघडला नाही.

आता डोक्यात आहे ते दादरचं पोर्तुगीज चर्च. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी तिथे छपराखालच्या जागा आणि उघडे चौक एकमेकांत गुंफलेत. तसंच दारापाशी खोल ओसरी, मग छोटा चौक आणि त्यानंतर सभागृह ठेवलं, तर पाऊस चौकातच अडेल का? सणाची गर्दीही तिथे मावेल. पण पावसात तोच चौक तुंबला तर?

दुसरा प्रश्न छपराचा. पत्रा वाजतो, प्रवचन ऐकूच येत नाही. मंगलोरी कौलांखाली लाकडी तक्तपोशी (आतून फळ्यांचं छत) मला आवडते, पण २०२१ च्या तौक्ते वादळात गावातली बरीच कौलं उडाली. कौलं तारेनं बांधून कुणाचा निभाव लागलाय का?

काँक्रीट आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे एम ३५ प्रतीचं आणि सळयांवर ५० मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, धरलंय. लाटांचे तुषार येतात तिथे तेवढं पुरतं का, की जस्त चढवलेल्या सळया घ्याव्यात?

कोकण, गोवा किंवा केरळच्या किनाऱ्यावर कुणी असं काही बांधलं असेल, तर काय फसलं ते आधी सांगा. फोटो असतील तर फारच उत्तम.