अनुभव धागा: शहरातल्या बागेतली नेच्यांची राई

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात ट्री फर्न डेल म्हणून एक कोपरा आहे, १८७९ च्या त्या पांढऱ्या काचेच्या कन्झर्व्हेटरीपासून (म्हणजे झाडांचं काचघर) अगदी जवळ. लोक कन्झर्व्हेटरीसमोर फोटो काढतात आणि निघतात, इकडे फारसं कोणी वळत नाही. जुलैत आईबाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले. ऑस्ट्रेलियाकडचे झाडाएवढे नेचे, पानं पार डोक्यावर. बाबांनी खोडाला हात लावला तर ओलं आणि केसाळ, कारण ते लाकूड नाहीच, बाहेरून सगळा मुळांचाच थर असतो. वर मधोमध नवीन पान गुंडाळी करून बसलेलं, त्यावर तांबूस लव. रविवारी थोडं पुढे स्केटिंगवाल्यांची गाणी दणदणत असतात, आत आलं की ती पण विरतात. आणि ही सगळी जागा मुळात वाळूच्या टेकड्या, बाग १८७० नंतरची! उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाहीच, सगळी मदार धुक्यावर आणि माळ्यांच्या पाण्यावर. आईचं मात्र एकच पालुपद, "जुलैत स्वेटर घालायचा तर मेला उन्हाळा कसला म्हणायचा हा?"

तुम्ही गेलायत का अशा कुठे? लिहा की.

मेलबर्नकर: आमच्याकडे रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये फर्न गली आहे, मधून ओढा वाहतो, चाळीस डिग्रीच्या दिवशी ऑफिसातून सटकून मी तिथेच जातो. पण ही शांतता फुकट मिळालेली नाही बरं का, आधी तिथे हजारो वटवाघळं लटकायची, नेच्यांची पार वाट लावली त्यांनी, शेवटी २००३ मध्ये आवाज करकरून त्यांना नदीकाठच्या यारा बेंड पार्कात हाकललं. तिकडे मजेत आहेत आता.

काकडी: न्यूझीलंडात ऑकलंड डोमेन या बागेतली फर्नरी! जुनी दगडाची खाण होती, तिच्या खड्ड्यातच नेचे लावलेत. इथला सिल्व्हर फर्न पानामागून चंदेरी असतो. आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीत तो पांढऱ्या भुकटीचा नेचा हातावर दाबला की नक्षी उठते ना, तसं करायला सासूबाईंनी खाली पडलेलं पान उचलून नातवाच्या हातावर चांगलं थापटलं, काही उठलं नाही. "दिसायलाच चांदी," म्हणाल्या. पोरगं रडायला लागलं, मग कॅफेत केक.

टवाळ: आम्ही पुणेकर. वाड्याच्या भिंतीवर आपोआप उगवतात, तिकीट नाही.

मेथी: कोवळ्या गुंडाळ्यांची भाजी करतात ना हिमाचलात? पार्कातल्या चालतील का 😀

धागाकर्ती: @मेथी, अजिबात नाही! एकतर सगळे नेचे खाण्यासारखे नसतात, वर तिथून काही तोडायलाही बंदी आहे. आणि गाडी आणि आजीआजोबांचं काय असं ज्यांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं त्यांच्यासाठी, समोरचा रस्ता आता गाड्यांना कायमचा बंद आहे, आजीआजोबा बरोबर असतील तर कन्झर्व्हेटरीपाशी बाकावर बसवून मगच आत जा, पायवाट ओली असते.