डोळ्याला २४ फ्रेमच दिसतात? साफ चूक

कीफ्रेम: काल इथे अ‍ॅनिमेशनवरच्या एका पोस्टमध्ये वाचलं, 'डोळा सेकंदाला २४च चित्रं, म्हणजे फ्रेम, पाहतो; त्यापुढचं रेंडर (संगणकाकडून चित्रं तयार करून घेणं) म्हणजे पैसे पाण्यात.' अहो, २४ हा आकडा बोलपटाच्या ध्वनीसाठी ठरला. प्रोजेक्टर तेच चित्र दोनदा दाखवतो, सेकंदाला ४८ झाकउघड, कारण २४ला लुकलुक दिसते! सुट्या चित्रांतून गती जुळवतो मेंदू; मानसशास्त्रज्ञ वर्टहायमरने १९१२ मध्येच प्रयोगांनी दाखवलं.

गोरेगावकर: पोस्ट माझी. मालिकेच्या बजेटात ६० फ्रेम रेंडर करून दाखवा. २४ फ्रेम, १८० अंशांचा मोशन ब्लर (अर्ध्या फ्रेमच्या हालचालीइतकी धूसर रेघ), विषय संपला.

कीफ्रेम: कसा संपला? लोकलचा शॉट घ्या. १९२० पिक्सेलची चौकट सेकंदात पार, म्हणजे फ्रेममागे ८० पिक्सेल. खिडक्या एकसारख्या, दर १२० पिक्सेलवर. पुढच्या फ्रेममध्ये मेंदू सगळ्यात जवळची खिडकी धरतो आणि ती असते ४० पिक्सेल मागे. चर्चगेटची गाडी विरारला निघालेली दिसते. तुमच्या ब्लरची रेघ ४० पिक्सेलची, खिडक्या सुट्या उरतातच. ६० फ्रेमला सरक फक्त ३२. खिडक्यांमधल्या निम्म्या अंतराच्या आत, गाडी सरळ जाते.

शाईकागद: खिडक्या कॉपी-पेस्ट करताच कशाला? दरवाजे, फर्स्ट क्लासचे पट्टे, बाहेर आलेला एखादा हात घाला, नजरेला पकड मिळेल. खरा गुन्हा पायांचा आहे. मानसशास्त्रज्ञ योहान्सनने १९७३ मध्ये सांध्यांवरचे डझनभर हलते ठिपके दाखवले, तेवढ्यावर लोकांनी चालणारा माणूस ओळखला. अशा नजरेपुढे तुम्ही मोकॅप (खऱ्या माणसाची टिपलेली हालचाल) तसाच चिकटवता आणि टेकलेलं पाऊल घसरतं!

गोरेगावकर: टेकलेलं पाऊल जागेवर लॉक करतो आम्ही. उगाच आरोप नकोत.

शाईकागद: नुसतं लॉक केलं की पाय पूर्ण ताणला जातो, गुडघ्याला झटका बसतो. टाच टेकल्यापासून अंगठा सुटेपर्यंत पाऊल बांधा, कमर जरा खाली घ्या, गुडघ्यात थोडा वाक ठेवा. लॉक सोडताना तीन-चार फ्रेमांत सोडा, एकदम नाही. हे न करता फ्रेम वाढवल्या तर घसरण आणखी स्वच्छ दिसेल. कीफ्रेम, हे तुम्हालाही.

कीफ्रेम: पायांचं बरोबर. पण धागा फ्रेमांचा आहे.

गोरेगावकर: बरं, लोकलपुरतं मान्य, खिडक्या बदलू. पात्रं मात्र दोन-दोन फ्रेमवरच राहणार, एक चित्र दोन फ्रेम.

शाईकागद: कॅमेरा पॅन होत असेल, म्हणजे आडवा फिरत असेल, तर मुळीच नको. पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकते, पात्र एक फ्रेम अडून राहतं, पाय जमिनीवर थरथरतात. तेवढा शॉट एकेका फ्रेमवर काढा.