यंत्रे आणि तयार माल आल्याने कारागिरी उथळ झाली आहे का?

कानस (चर्चा प्रस्ताव)

गेल्या तीन-चार दशकांत कुशल कारागिराचे काम सोपे, जलद आणि बहुतेक ठिकाणी अधिक अचूक झाले, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप असा आहे की काम करता करता माणूस घडण्याची जी रीत होती, ती या सोयींनी मोडून टाकली. पूर्वी फिटरच्या उमेदवारीची सुरुवात कानस चालवण्यापासून होई. लोखंडाचा ठोकळा गुण्याला (काटकोन तपासण्याच्या हत्याराला) लावून सर्व बाजूंनी काटकोनात आणेपर्यंत पुढचे काम मिळत नसे, आणि त्या कंटाळवाण्या आठवड्यांत धातू किती दाब घेतो, कुठे ओरखडतो, तापल्यावर किती फुगतो हे हाताला समजत जाई. आज सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मिलिंग यंत्रावर ठोकळा बांधून बटण दाबणारा मुलगा त्याहून सरस पृष्ठभाग काढतो, परंतु माप बिघडले की बिघाड प्रोग्रॅममध्ये आहे, हत्यारात आहे की पकडीत, हे त्याला सांगता येत नाही. नळकामात पाइपाला आटे पाडणे आणि तांब्याच्या नळीला डाग देणे मागे पडून दाबून बसवायचे सांधे आले. सुतारकामात कारखान्यातून भोके पाडून आलेल्या फळ्या स्क्रूने आवळल्या जातात. याला जुळवणी म्हणता येईल, कारागिरी म्हणवत नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी सविस्तर लिहावे.

फेज-न्यूट्रल

मला हे पटत नाही. मी वीजजोडणीचे काम करते, त्यामुळे त्याच क्षेत्रातले उदाहरण देते. जुन्या इमारतीतला भार म्हणजे दिवे, पंखे आणि मोटारी. तीन फेजवर (वीज आणणाऱ्या तीन तारांवर) तो सारखा वाटला की न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) फारसा प्रवाह जात नसे. आता संगणक, एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेली यंत्रे वीज सलग न ओढता झटक्याझटक्याने ओढतात. त्यातून निर्माण होणारी तिसरी हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या तिप्पट वारंवारितेचा प्रवाह) तिन्ही फेजमध्ये परस्परांना खोडत नाही. न्यूट्रलमध्ये तिची बेरीज होते, आणि भार अगदी समान वाटलेला असूनही न्यूट्रलची तार तापलेली सापडते. गळतीचेही तसेच. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे संरक्षक उपकरण विनाकारण पडते अशी तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा कुठेही दोष नसतो. अनेक उपकरणांच्या फिल्टरमधून अर्थिंगकडे जाणारी किरकोळ गळती एकत्र होऊन ती मर्यादा गाठलेली असते. हे ओळखायला मोजमाप हवे, आणि काय मोजायचे हे आधी ठाऊक असावे लागते. हातात पक्कड धरणाऱ्या माणसाला पूर्वी इतका विचार करावा लागत नव्हता, हे मी जुन्या वायरमन मंडळींबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते.

ओळंबा

प्रस्तावातल्या ‘सोपे’ या शब्दालाच माझी हरकत आहे. हातोडा-छिन्नीने दगड घडवताना धूळ उडतच असे, आणि तीही निरुपद्रवी नव्हती. पण विजेवर फिरणारी चकती कोरडी चालवली की धुळीचे प्रमाण आणि बारीकपणा दोन्ही वाढतात. क्वार्ट्झच्या कृत्रिम फरशांमध्ये सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. त्या कापणाऱ्या तरुण कामगारांमध्ये सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग) इतका आढळू लागला की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा फरशांच्या वापरावर बंदी घातली. कंपनांचेही तसेच आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हातांना बसणाऱ्या कंपनांसाठी आठ तासांच्या हिशेबाने ५ मीटर प्रति वर्गसेकंद ही कमाल मर्यादा आहे, आणि त्याच्या निम्म्यावरच मालकाने उपाय सुरू करावेत असे बंधन आहे. श्रम हलके झाले हे खरे. पण जोखीम हाडांकडून फुप्फुसांकडे आणि नसांकडे सरकली.

कानस

ओळंबा यांचा मुद्दा मान्य. फेज-न्यूट्रल यांना मात्र एक विचारतो: हार्मोनिकचे हे ज्ञान तुम्हाला कुणी दिले, आणि तुमच्यासोबत फिरणाऱ्या उमेदवाराला ते कोण देणार? जर्मनीने २००४ मध्ये ५३ व्यवसायांतून धंदा उघडण्यासाठी असलेली ‘माइस्टर’ (उस्ताद कारागीर) परवान्याची अट काढली. कुणीही धंदा उघडावा, स्पर्धा वाढावी, असा त्यामागचा हेतू होता. एकेकट्या माणसाचे धंदे भराभर वाढले, पण अशा धंद्यात उमेदवाराला हाताखाली घेणारा कुणी नसतो. अखेर २०२० मध्ये लादीकामासह १२ व्यवसायांत ती अट पुन्हा लावावी लागली. शिकवणारा वर्गच विरळ होत गेला, तर तुम्ही सांगता ते सूक्ष्म ज्ञान एका पिढीपुरतेच उरेल.

फेज-न्यूट्रल

५३ पैकी १२ व्यवसायांतच अट परत आली, उरलेल्यांत आली नाही, हेही त्याच उदाहरणात आहे. शिवाय परवान्याची अट जशी दर्जा राखते तशी आत असलेल्यांची मिळकतही राखते. ज्यांना पिढ्यान्पिढ्या कुणी हाताखालीच घेतले नाही, त्यांना जुनी उमेदवारी फार गोड वाटत नाही. स्त्रियांना तर नाहीच. मी मोजमाप शिकले ते वर्गात आणि उपकरणांच्या माहितीपुस्तिकांतून.

पाना

दोघांच्याही लिखाणात एक गृहीतक आहे, की ज्ञान मिळवायचे ठरवले तर ते मिळते. वाहनदुरुस्तीत आज तसे राहिलेले नाही. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ हा गाडीतला बिघाड उपकरणाने वाचण्याचा प्रमाणित जोड सक्तीचा झाला, तेव्हा आमच्यासारख्यांना बळ मिळाले. त्यावर दिसणारा सांकेतांक उत्तर देत नाही, दिशा देतो. ‘मिश्रणात इंधन कमी’ असे आले तर व्हॅक्यूमची नळी फुटलेली असेल, इंधनपंप दमला असेल किंवा हवामापक सेन्सर मळला असेल. तिथे मेकॅनिकची अक्कल लागतेच, म्हणून ‘उथळ’ हा आरोप मला लागू पडत नाही. मात्र सक्ती होती ती धुराशी संबंधित माहितीपुरती. बाकीचे पुष्कळसे उत्पादकाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये राहिले. आज काही गाड्यांत योग्य सुटा भाग योग्य रीतीने बसवूनही, उत्पादकाच्या प्रणालीतून त्याची नोंद केल्याशिवाय तो चालत नाही. माझे कौशल्य शाबूत आहे, पण ते वापरायची परवानगी दुसऱ्याकडे आहे.

चक

पाना यांनी लिहिले ते यंत्रकामात फार आधी घडून गेले आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिकने अशी पद्धत विकसित केली होती की टर्नरने पहिला नग स्वतः कापायचा, यंत्राच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि पुढचे नग फितीवरून निघायचे. त्यात प्रोग्रॅमचा उगम कारागिराच्या हातात होता. पुढे रुळली ती दुसरी पद्धत, जिचे प्रात्यक्षिक एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठाने १९५२ मध्ये दाखवले: नगाच्या आराखड्यावरून आकडे काढायचे ते कार्यालयात आणि यंत्राने ते पाळायचे. गुंतागुंतीच्या आकारांसाठी ती अधिक सक्षम होती हे नाकारता येत नाही. परंतु विचार कार्यालयात आणि हात कारखान्यात ही फाळणी केवळ तंत्रामुळे झाली नाही. व्यवस्थापनालाही ती सोयीची होती. म्हणून कानस, तुमच्या त्या बटण दाबणाऱ्या मुलाला दोष देण्यापूर्वी त्याला प्रोग्रॅम दुरुस्त करायची मुभा आहे का, ते पाहावे. अनेक कारखान्यांत ती कुलूपबंद असते.

कानस

मुभा दिली म्हणून दुरुस्ती जमेल असे नाही. पातळ भिंतीचा नग पकडीतून सोडल्यावर फाकतो आणि माप जाते. हे पडद्यावर दिसत नाही, आणि ज्याने एकदाही हाताने कापलेले नाही तो आकडे बदलत बसतो. तेव्हा कुलूप काढण्याची तुमची मागणी मान्य, पण त्याआधी कानशीचे ते आठवडे हवेतच, आणि त्यांचा पगार कारखान्यानेच द्यायला हवा.

चक

आठवडे लेथवर द्या, कानशीवर नकोत. पगाराबद्दल दुमत नाही.