विधी पदवी नसताना ‘कायदा व विवाद निराकरण’ या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का?

मोजमापवही :

मी स्थापत्य अभियंता असून गेली नऊ वर्षे करार प्रशासनाचे, म्हणजे मुदतवाढीचे आणि वाढीव खर्चाचे दावे तयार करण्याचे काम करते. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या नमुना करारातील कलम २०.१ नुसार, घटना लक्षात आल्यापासून किंवा लक्षात यायला हवी होती तेव्हापासून २८ दिवसांच्या आत कंत्राटदाराने दाव्याची सूचना द्यावी लागते. एका प्रकल्पावर आमची सूचना उशिरा गेली. विलंब समोरच्या पक्षामुळे झाला होता हे नोंदींवरून स्पष्ट होते, तरीही मुदतवाढ मिळाली नाही. पुढे तेच प्रकरण लवादासमोर गेले आणि मी साक्षीदार म्हणून उभी राहिले. उलटतपासणीत मला वारंवार एकच प्रश्न विचारला गेला : ‘हे तुम्ही स्वतः पाहिले, की अहवालात वाचले?’ माझ्या आकडेमोडीत चूक नव्हती, पण त्या प्रश्नामागे काय आहे हे मला त्या दिवशी कळले नाही, आणि त्याची बोचणी अजून गेलेली नाही.

म्हणून कायदा व विवाद निराकरण या विषयात पदव्युत्तर पदवी घेण्याचा विचार गांभीर्याने करत आहे. विधी पदवी नसलेल्या व्यक्तीला हा अभ्यास झेपतो का? नोकरी सांभाळून तो करता येतो का? आणि एकाच विषयासाठी कुठे एलएल.एम., कुठे एम.ए., तर कुठे एम.एस्सी. अशी पदवी दिसते, त्यातून निवड कशी करावी? ज्यांनी असा अभ्यास केला आहे किंवा शिकवला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

परिमाण :

मीही अभियंताच. नोकरी करत दोन वर्षांच्या अंशकालीन अभ्यासक्रमातून ही पदवी घेतली, त्यामुळे अनुभवाने सांगतो की अभ्यास झेपतो. मात्र पहिले सहा महिने आपली विचार करण्याची सवय मोडावी लागते आणि ते जड जाते.

माझ्या पहिल्या निबंधाचे उदाहरण देतो. प्रश्न विलंबाच्या जबाबदारीविषयी होता. मी वेळापत्रकाचे विश्लेषण केले, दिवस मोजले आणि शेवटी आकडा लिहिला. निबंध अनुत्तीर्ण होऊन परत आला. समासात शेरा होता की उत्तर बरोबर असेलही, परंतु कोणत्या नियमाच्या आधारे ते बरोबर ठरते हे कुठेच सांगितलेले नाही. आपल्याला कारणापासून परिणामापर्यंत जाण्याची सवय असते. कायद्यात त्या दोहोंच्या मध्ये आणखी एक पायरी असते : हे कारण विचारात घेण्याचा अधिकार निर्णय देणाऱ्याला कशामुळे मिळतो? करारातील शब्द, एखादा कायदा, की पूर्वीचा न्यायनिर्णय? हे दाखवल्याशिवाय कितीही अचूक आकडा अधांतरी राहतो. तुम्हाला उलटतपासणीत विचारलेला प्रश्न त्याच जातीचा आहे. वस्तुस्थिती खरी असणे आणि ती पुराव्याने सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वर्गात कळले. तुम्हाला ते साक्षीच्या खुर्चीत अनुभवावे लागले.

न्यायनिर्णय वाचायला शिकणे हे यातले खरे कष्टाचे काम. ऐंशी पानांच्या निर्णयातील नेमकी कोणती चार वाक्ये बंधनकारक तत्त्व सांगतात आणि कोणती केवळ ओघात आलेली आहेत, हे ओळखायला मला जवळजवळ पहिले वर्ष लागले. आठवड्याला बारा ते पंधरा तास बाजूला काढता येत असतील तरच नोकरीसोबत हे करावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पदव्यांच्या नावांविषयी थोडक्यात : एलएल.एम.साठी बहुधा आधीची विधी पदवी मागतात, तर एम.ए. किंवा एम.एस्सी. नावाचे अभ्यासक्रम इतर व्यावसायिकांनाही खुले असतात. बांधकाम कायद्यापुरते बोलायचे तर किंग्ज कॉलेज लंडन येथील असा एम.एस्सी. अभ्यासक्रम पुष्कळ जुना असून त्यात वकील आणि अभियंते एकाच वर्गात बसतात. शेजारचा वकील वेळापत्रकावर अडखळतो आणि आपण कलमावर, त्यामुळे दोघेही शिकतात.

कलमबद्ध :

मी वकील आहे आणि आंतरराष्ट्रीय लवादाचा विषय शिकवते. आधी एक गैरसमज दूर करते, कारण प्रवेश घेतल्यानंतर निराश झालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. ही पदवी घेतल्याने न्यायालयात वकिली करण्याचा परवाना मिळत नाही. लवाद म्हणून नेमले जाण्यासाठी मात्र सामान्यतः वकील असण्याची अट नसते, आणि तांत्रिक विवादांत अभियंत्यांची नेमणूक होते. १९१५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्स या संस्थेचे सदस्यत्व वकील नसलेल्यांनाही टप्प्याटप्प्याने मिळवता येते.

आता निवडीविषयी. पदवीचे नाव बाजूला ठेवून अनिवार्य विषयांची यादी मागवा. तीन मुळे पक्की शिकवली जातात का ते पाहा : परदेशी निवाड्यांच्या, म्हणजे लवादाच्या निर्णयांच्या, अंमलबजावणीविषयीचा १९५८ चा न्यूयॉर्क करार, अनसिट्राल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाचा १९८५ चा लवादविषयक नमुना कायदा (२००६ च्या दुरुस्त्यांसह), आणि लवादाच्या ‘स्थाना’ची संकल्पना. न्यूयॉर्क करारातील पाचवे कलम परदेशी निवाड्याची अंमलबजावणी नाकारण्याची सात कारणे सांगते. त्यांपैकी पाच पक्षकाराने सिद्ध करावी लागतात आणि दोन न्यायालय स्वतःहून विचारात घेऊ शकते. लवादाने कायदा किंवा वस्तुस्थिती समजून घेण्यात चूक केली, हे त्या सातांत नाही. पहिल्यांदा हे ऐकल्यावर बहुतेक विद्यार्थी अस्वस्थ होतात, आणि ती अस्वस्थता मला महत्त्वाची वाटते. चुकीचा निर्णयही अंतिम का मानायचा, या प्रश्नाशी झगडल्याशिवाय हा विषय समजत नाही.

स्थानाबाबत आपल्या भाषेतच एक अडचण आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठीत आपण ‘लवाद’ हा शब्द व्यक्तीसाठीही वापरतो आणि प्रक्रियेसाठीही. त्याचप्रमाणे ‘स्थान’ म्हटले की सुनावणीची जागा डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात लवादाचे स्थान हा कायदेशीर पत्ता असतो. सुनावणी दुसऱ्याच देशात, किंवा कोणत्याही देशात न जाता पडद्यावर झाली, तरी निवाडा रद्द करण्याचा अर्ज स्थानाच्याच न्यायालयात जातो, आणि नमुना कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे त्यासाठी निवाडा मिळाल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते. मी विद्यार्थ्यांना ‘सीट’ हाच शब्द वापरायला सांगते, म्हणजे घोटाळा होत नाही.

सेतुबंध :

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, परंतु दोहोंत लवादाचेच वर्णन आहे आणि मला ते अपुरे वाटते. मी मध्यस्थ म्हणून काम करतो, म्हणजे स्वतः निर्णय न देता पक्षांना समझोत्यापर्यंत यायला मदत करतो. विवाद निराकरण म्हणजे कोणीतरी निर्णय देणे, एवढाच अर्थ घेऊन शिकलेला विद्यार्थी प्रत्येक भांडण त्याच साच्यात बसवू लागतो. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रँक सँडर यांनी १९७६ मध्ये अशी कल्पना मांडली की न्यायालयाच्या इमारतीला अनेक दारे असावीत आणि प्रत्येक तंट्याला त्याच्या स्वरूपानुसार योग्य दार दाखवावे. चांगल्या अभ्यासक्रमाचा गाभा हे दार ओळखणे हाच असतो.

म्हणून यादीत वाटाघाटी आणि मध्यस्थी हे विषय नुसते व्याख्यानातून शिकवतात की प्रत्यक्ष सरावातून, हे अवश्य विचारा. सरावात दोन्ही पक्षांना वेगवेगळी गोपनीय माहिती दिलेली असते आणि मध्यस्थाला ती हळूहळू उलगडावी लागते. कंत्राटदाराला पैशांपेक्षा पुढच्या निविदेसाठी नाव स्वच्छ राहणे महत्त्वाचे आहे, हे तिथे बाहेर येते. निवाड्यात ते कधीच येत नाही. मध्यस्थीतून झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक समझोत्यांच्या अंमलबजावणीसाठी २०१८ चा सिंगापूर करार आहे, तो १२ सप्टेंबर २०२० पासून लागू झाला. त्याची न्यूयॉर्क कराराशी तुलना हा प्रबंधासाठी उत्तम विषय ठरू शकतो.

मोजमापवही :

तिघांचेही मनापासून आभार. प्रबंधाचा उल्लेख आला म्हणून विचारते : उशिरा दिलेल्या सूचनेमुळे खरा दावा बुडावा का, हा विषय घेता येईल का? की तो माझ्या स्वतःच्या प्रकरणाच्या फार जवळचा आहे?

परिमाण :

जवळचा असणे हा दोष नाही. तो फार मोठा आहे, ही अडचण आहे. तो लहान करा. उदाहरणार्थ, विलंब मालकाच्याच कृतीमुळे झाला असताना कंत्राटदाराने सूचना दिली नाही, तर मालकाला विलंबाची भरपाई मागता येते का? ऑस्ट्रेलियातील गेमार्क प्रकरणात १९९९ मध्ये उत्तर नकारार्थी आले. इंग्लंडमध्ये २००७ च्या मल्टिप्लेक्स विरुद्ध हनीवेल या निर्णयात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी त्या निष्कर्षाविषयी गंभीर शंका व्यक्त केली. हे दोन निर्णय प्रवेशाआधीच वाचून पाहा, आणि वाचताना तुमच्या विरोधी पक्षाच्या बाजूने दोन पाने लिहून काढा.

मोजमापवही :

आज दोन विद्यापीठांकडे अनिवार्य विषयांची यादी आणि मध्यस्थीच्या सराव-तासांची संख्या मागितली आहे. मल्टिप्लेक्सचा निर्णय वाचायला घेतला. विरोधी पक्षाच्या बाजूचे पहिले पान लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली : सूचना वेळेवर मिळाली असती तर त्यांनी काम दुसऱ्या टोकापासून सुरू करायला सांगितले असते, आणि ते शक्यही होते. नऊ वर्षांत मी त्या बाजूने कधी पाहिले नव्हते.