मदत हवी आहे: रस्ट म्हणतंय 'पुढे हा कोड चालणार नाही', पण तो कोड माझा नाहीच

मंडळी, नमस्कार. फोनवरून लिहितोय, कमांड देवनागरीतच आल्या आहेत, तेवढं चालवून घ्या.

आमच्या चार जणांच्या कंपनीत बॅकएंड रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे आणि लॉगिन सेशन रेडिस या डेटाबेसमध्ये ठेवतो. टूलचेन (कंपायलर आणि सोबतची टूल्स) अपडेट केल्यापासून कार्गोच्या, म्हणजे रस्टच्या बिल्ड आणि पॅकेज सांभाळणाऱ्या टूलच्या, प्रत्येक 'कार्गो बिल्ड'च्या शेवटी एक वॉर्निंग येते: अमुक पॅकेजमधला कोड रस्टच्या पुढच्या एखाद्या आवृत्तीत नाकारला जाईल, आणि पुढे नाव 'रेडिस ०.२५.४'. बिल्ड होतंय, टेस्ट पास होतायत, सर्व्हर चालतोय.

गंमत म्हणजे आमच्या कार्गो डॉट टोमलमध्ये (आम्ही वापरतो त्या पॅकेजच्या यादीत) रेडिसची याहून नवी आवृत्ती आहे. मग ही ०.२५.४ उपटली कुठून? 'कार्गो अपडेट' केलं, ढिम्म. मेन डॉट आरएस या मुख्य फाईलच्या डोक्यावर त्या लिंटचं (वॉर्निंग देणाऱ्या तपासणीचं) 'अलाऊ', म्हणजे 'हे चालू दे', लावलं, तरी तेच. आमचे सीनियर म्हणतात, कॉन्फिगमध्ये फ्यूचर-इनकम्पॅट-रिपोर्टची फ्रीक्वेन्सी 'नेव्हर' कर आणि कामाला लाग.

करू का तसं? की उद्या हे खरंच अंगावर येईल?

प्रतिसाद १

आधी 'कार्गो ट्री -आय रेडिस' चालवा. कोण कोणाला ओढून आणतंय ते उलट्या बाजूने दिसतं. तुमच्याकडे दोन आवृत्त्या असणार, त्यामुळे नाव संदिग्ध आहे म्हणून एरर देईल. मग 'रेडिस@०.२५.४' असं पूर्ण लिहा.

'अपडेट'ने काही हललं नाही कारण शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांत ०.२५ वरून ०.२६ म्हणजे कार्गोच्या लेखी मोठी, सुसंगत नसलेली उडी. ती तो आपणहून मारत नाही.

प्रतिसाद २

'अलाऊ' का चाललं नाही ते सांगतो. ते फक्त तुमच्या क्रेटपुरतं (क्रेट म्हणजे रस्टचं पॅकेज) असतं. एरवी बाहेरून आलेल्या क्रेटच्या वॉर्निंग कार्गो 'कॅप-लिंट्स' लावून दाबूनच टाकतो, नाहीतर दुसऱ्यांच्या कोडबद्दलची कुरकुर ऐकता ऐकता आपलं आयुष्य जाईल. पण काही निवडक लिंट या झाकणाखालूनही वर येतात, कारण ते उद्या एरर होणार असतात. रस्ट १.५९ पासून, म्हणजे २०२२ पासून ही सोय आहे. 'कार्गो रिपोर्ट फ्यूचर-इनकम्पॅटिबिलिटीज' चालवा, कुठल्या फाईलची कुठली ओळ तेही दिसेल.

तुमच्या बाबतीत तो 'नेव्हर टाईप फॉलबॅक' असणार. समजा कोडमध्ये असं आहे:

कॉन.सेट("सेशन", टोकन)?;

सेट परत काय देणार हे ज्याने हाक मारली त्याने ठरवायचं असतं. इथे कोणीच ठरवलेलं नाही. 'प्रश्नचिन्ह' उलगडलं की त्यात एक वाट 'रिटर्न'ची निघते, तिचा टाईप 'नेव्हर', म्हणजे '!', ज्याची किंमत कधी हाती येतच नाही. आजवर असं अधांतरी काही उरलं की कंपायलर मुकाट्याने '()', म्हणजे रिकामी किंमत, धरायचा. २०२४ एडिशनमध्ये (एडिशन म्हणजे भाषेच्या नियमांचा संच) तो '!' धरतो, आणि रेडिसच्या उत्तरातून '!' बनवता येत नाही. झाली एरर. दुरुस्ती एका ओळीची:

लेट _: () = कॉन.सेट("सेशन", टोकन)?;

धागाकर्ता

म्हणजे आम्ही २०२४ एडिशनवर गेलो की बिल्ड फुटणार?

प्रतिसाद २

नाही. निदान ०.२५.४ मुळे नाही; एडिशन क्रेटगणिक असते. तुम्ही २०२४ वर गेलात म्हणून ०.२५.४ ची एडिशन बदलत नाही. पण हाच नियम पुढे कधीतरी सगळ्या एडिशनना लागू करायचा बेत आहे, वॉर्निंग त्याची आहे. तारीख ठरलेली नाही. टूलचेन फाईलमध्ये आवृत्ती पिन केली असेल तर तुम्ही हात लावेपर्यंत काही होणार नाही. सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेवर) नुसतं 'स्टेबल' लिहिलं असेल तर दर सहा आठवड्यांनी नवा कंपायलर येतो, आणि एखाद्या सोमवारी सकाळी कळेल.

प्रतिसाद ३

सीनियरांचं अगदीच चूक नाही हो, रोज तेच वाचून माणूस वॉर्निंग बघायचंच सोडतो. पण रिपोर्टची फ्रीक्वेन्सी 'नेव्हर' केलीत तर पुढची, खरी घाईची वॉर्निंगही गिळली जाईल. आणि सूचना मिळतेय तर घ्या. २०२४ मध्ये रस्ट १.८० आली तेव्हा 'टाईम' क्रेटच्या ०.३.३५ च्या आधीच्या आवृत्त्या धडाधड फुटल्या. तिथे असं कोणी आधी सांगितलं नव्हतं, लायब्ररीत एक नवा इम्प्लिमेंटेशन आला आणि टाईप ओळखणंच अडलं.

धागाकर्ता

सापडलं. सेशन स्टोअरचं एक क्रेट आम्ही दीड वर्षापूर्वी टाकून विसरलो होतो, ०.२५.४ त्याच्या पोटात होती. त्याची नवी आवृत्ती आहे, पण कन्स्ट्रक्टर बदललाय, म्हणून दोन फाईलींत हात घालावा लागला. वॉर्निंग गेली.

आता थोडं ओशाळून सांगतो: आमच्या स्वतःच्या कोडमध्येही 'कॉन.सेट' आणि 'एक्स्पायर'च्या मिळून अकरा ओळी तशाच निघाल्या. त्यांची वॉर्निंग रोज यायला हवी होती. मेन डॉट आरएसच्या डोक्यावर मीच लावलेल्या त्या 'अलाऊ'ने ती गप्प झाली होती. सहा ओळी केल्यात, बाकीच्या उद्या.