मदत हवी आहे: सुलूला आणायला शटल का पाठवलं नाही?

उशिराची_लोकल (धागाकर्ता)

मंडळी, अडलोय. सुट्टीत भाची आलीये, यंदा सातवीत गेलेली. हौसेनं तिला जुनं 'स्टार ट्रेक' दाखवायला घेतलं, अंतराळयानावरची ती मालिका, कर्क-स्पॉकवाली, १९६६ ची. वाटलं होतं, पुठ्ठ्याचे खडक बघून फिदीफिदी हसेल आणि दोन भागांत कंटाळेल. कसचं काय! बाईसाहेबांनी दोनशे पानी वही घातलीये आणि वर ठळक अक्षरात लिहिलंय 'घोळ'. भाग संपला की मला समोर बसवून उलटतपासणी.

आतापर्यंत निभावलं. परवा 'द एनिमी विदिन' लावला आणि माझी विकेट पडली.

बघून बरीच वर्षं झाली असतील त्यांच्यासाठी: एका ओसाड ग्रहावर तुकडी उतरलीये. त्यातला एक जण घसरून पडतो, कपड्यांना कसलंसं पिवळं खनिज लागतं, तसाच ट्रान्सपोर्टरमधून (माणसाला क्षणात इथून तिथे पोचवणारं यंत्र) वर यानात येतो आणि यंत्राचं बिनसतं. त्याच्यामागून कॅप्टन कर्क येतो तो दोन होऊन. एक भला, पण साधा निर्णय घेता न येणारा. दुसरा दांडगट, डॉक्टरकडून दमदाटी करून ब्रँडी मिळवणारा. एका प्राण्याचेही दोन होतात (कुत्राच आहे तो, अंगावर केसाळ झूल आणि डोक्याला शिंग चिकटवलंय). झालं, ट्रान्सपोर्टर बंद. खाली सुलू (यान चालवणारा) आणि त्याचे सोबती अडकलेत. ग्रहावर रात्रीचं तापमान उणे १२०. फेझरनं (किरणांची बंदूक) दगड लाल होईस्तोवर तापवायचे आणि त्यांच्याभोवती कुडकुडत बसायचं, एवढंच त्यांच्या हातात.

आता भाचीचे प्रश्न, जसेच्या तसे. (शटल म्हणजे मोठ्या यानातून ये-जा करायचं छोटं यान.)

"मामा, यांच्याकडे शटल आहे ना? मग त्यातून जाऊन आणायचं की." मी 'नसेल' म्हणू शकलो असतो, पण मीच शहाण्यानं क्रम सोडून दोन दिवस आधी 'द गॅलिलिओ सेव्हन' दाखवला होता. त्यात सात जण शटलमध्येच बसून जातात.

"बरं, हीटर खाली पाठवले ते दोन-दोन झाले आणि चालेनात. ठीक. पण गोधडी पाठवायची ना! एकीच्या दोन झाल्या तर चांगलंच. गोधडीत बिघडण्यासारखं असतं काय?"

यावर मी चहा ठेवायला उठलो.

'बजेट नव्हतं' हे मलाही ठाऊक आहे. तिला ते चालत नाही. ते म्हणे "गोष्टीच्या बाहेरचं" उत्तर, तिला गोष्टीच्या आतलं हवंय. रविवारी सकाळी ती परत जाणार. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

खारीक_खोबरं

आतलं उत्तर मिळणं अवघड आहे राव, कारण हा भाग दाखवला गेला ६ ऑक्टोबर १९६६ ला, आणि शटल पडद्यावर पहिल्यांदा आलं ५ जानेवारी १९६७ ला, तुम्ही आधी दाखवलेल्या त्याच भागात. सुलू गारठत होता तेव्हा शटल बांधूनच झालं नव्हतं. पूर्ण आकाराचं शटल परवडत नव्हतं. शेवटी एएमटी नावाच्या, प्लॅस्टिकच्या मॉडेलचे संच विकणाऱ्या कंपनीनं ते बांधून दिलं आणि बदल्यात संच विकायचे हक्क घेतले.

खरी मजा पुढे आहे. ट्रान्सपोर्टर स्वतःच काटकसरीतून जन्मलेला. दर आठवड्याला अख्खं यान नव्या ग्रहावर उतरताना दाखवायचं म्हणजे खर्चाचं काम. त्यापेक्षा माणूस इथे विरघळवला, तिथे उमटवला, काम झालं. तो चमचमाट म्हणजे ॲल्युमिनियमची पूड: काळ्या पार्श्वभूमीवर, मागून प्रकाश टाकून, उलट्या धरलेल्या कॅमेऱ्यानं टिपलेली. आता बघा, पैसे वाचवायला यंत्र आणलं. ते यंत्र इतकं सोयीचं निघालं की ते बंद पाडल्याशिवाय कुणी संकटात सापडेना. आणि बंद पाडलं की दुसरी वाट दाखवायला पैसे नाहीत. तुमच्या भाचीच्या अर्ध्या वहीचं मूळ इथे सापडेल.

चौथी_सीट

आतलंच हवं असेल तर सांगा की खाली वादळ होतं, शटल उतरलं नसतं. हाकानाका.

उशिराची_लोकल

@चौथी_सीट, काल रात्रीच सांगून पाहिलं. "असं भागात कुणी म्हणतं का?" नाही म्हणत. "मग ते तू रचलंस." वहीत नोंद झालीये: 'मामाची थाप क्र. ३'.

@खारीक_खोबरं, पूड फार आवडली तिला. पण शेरा तोच: बाहेरचं.

शिळी_कढी

थोडं आणखी बाहेरचं देतो, कदाचित आत शिरायला वाट मिळेल. ही पटकथा रिचर्ड मॅथेसनची. त्याला फक्त दोन कर्कांची गोष्ट सांगायची होती. ग्रहावर अडकलेल्या माणसांची उपकथा त्याची नव्हेच, ती नंतर जोडली गेली, आणि त्याला ती आवडलीही नव्हती. गोष्टीला घड्याळ लावायचं म्हणून सुलूला थंडीत बसवलाय: इकडे भला कर्क डळमळतोय, तिकडे प्रत्येक तासाला माणसं मरणाच्या जवळ चाललीत. म्हणजे शटल नसणं ही त्या उपकथेची चूक नाही, अटच आहे. शटल आलं की घड्याळ बंद.

माझं मत विचाराल तर मुलीला हे सांगा. सातवीतली मुलं आपल्याला वाटतात त्याहून जास्त समजून घेतात.

निवृत्त_टाळकरी

अवांतर होतंय, पण राहवत नाही. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर हे लागायचं. आमच्या चाळीत एकच टीव्ही, कृष्णधवल, त्यामुळे पिवळं खनिज वगैरे आज तुमच्याकडून कळतंय. आम्हाला इंग्रजी फारसं समजायचं नाही. एक दादा खिडकीत बसून भाषांतर करायचा आणि जे समजलं नाही ते ठोकून द्यायचा. सुलूला शटल का नाही, हा प्रश्न आमच्याकडे आलाच नाही. दादानं आधीच सांगून टाकलं होतं की ड्रायव्हर रजेवर आहे.

खारीक_खोबरं

टाळकरीकाका __/\__

अर्धवट_पुरावा

धागाकर्ते, एक सावधगिरीची सूचना. आतली उत्तरं मागत सुटलात की ती मिळतात, आणि मग आधीचा घोळ बरा वाटतो. उदाहरण क्लिंगॉनांच्या, म्हणजे मालिकेतल्या परग्रहावरच्या लढवय्या जमातीच्या, कपाळाचं.

१९६७ साली 'एरंड ऑफ मर्सी'मध्ये कोर नावाचा पहिला क्लिंगॉन येतो तेव्हा नुसता काळपट रंग, दाढी आणि वाकड्या भुवया. १९७९ च्या चित्रपटात पैसे आले आणि कपाळावर हाडांचे कंगोरे उगवले. पुढे सगळ्या क्लिंगॉनांना तेच. कुणी काही बोलेना. मग १९९६ साली, मालिकेला तीस वर्षं झाली म्हणून, 'डीप स्पेस नाइन' या नंतरच्या स्टार ट्रेक मालिकेतली मंडळी काळात मागे जाऊन जुन्या भागात शिरतात. समोर सपाट कपाळाचे क्लिंगॉन. सगळ्यांच्या माना वळतात त्यांच्यातल्याच वॉर्फ या क्लिंगॉनकडे, त्याच्या कपाळावर हे एवढाले कंगोरे. तो अवघडून म्हणतो, लांबलचक कहाणी आहे, आम्ही बाहेरच्यांशी त्यावर बोलत नाही. विषय संपला! घरातली जुनी भानगड कुणी पाहुण्यांसमोर काढली की आजोबा जसे पानाचा डबा उघडायचे, तसं. यापेक्षा चांगलं उत्तर मला दुसऱ्या कुठल्या मालिकेत दिसलं नाही.

तिथे थांबायचं की नाही? २००५ साली 'एंटरप्राइझ' या आणखी एका स्टार ट्रेक मालिकेत दोन भाग खर्ची घालून खुलासा केला: क्लिंगॉनांनी माणसाची सुधारित जनुकं वापरून महायोद्धे बनवायला घेतले, त्यातून साथ पसरली आणि कपाळं सपाट झाली. छान. पण १९९४ मध्ये तोच कोर, तोच नट, म्हातारा होऊन कंगोऱ्यांसकट येऊन गेलाय, त्याचं काय? त्यावर उपाय म्हणून एक क्लिंगॉन वैद्य जाता जाता म्हणतो की आता कवटीच्या शस्त्रक्रियेचा धंदा जोरात चालेल. म्हणजे एक भोक बुजवायला प्लॅस्टिक सर्जरीचं दुकान काढावं लागलं.

चौथी_सीट

+१. वॉर्फचं वाक्य मी ऑफिसात वापरतो. जुन्या प्रोजेक्टबद्दल विचारलं की.

जिना_उतरताना

गोधडीबद्दल मला सुचतंय ते सांगते, शटलचं तुम्ही बघा.

आपण सगळे 'दोन झाले, दोन झाले' म्हणतोय. पण कर्कचे दोन झालेच नाहीत, त्याचे दोन भाग झालेत. भल्याकडे धमक नाही, दांडगटाकडे विवेक नाही, आणि एकमेकांपासून दूर दोघेही खचत जातात. त्या प्राण्याचंही तेच, एक गरीब, एक चवताळलेला. म्हणजे यंत्र नक्कल काढत नाहीये, वाटणी करतंय. मग हीटर का चालले नाहीत ते सरळ आहे: प्रत्येकात अर्धाच हीटर उतरला. गोधडी पाठवली असती तरी वाटणीच झाली असती. एकीत सगळी ऊब आणि दुसरीत नुसती चिंध्यांची शिवण. आणि कुठली कुठली ते उणे १२० मध्ये अंगावर घेऊनच कळणार.

हे भागात कुणी बोलून दाखवत नाही, मान्य. पण भागात जे दिसतं त्यातूनच निघतंय, बाहेरून काही आणलेलं नाही. चालतंय का विचारा.

उशिराची_लोकल

मंडळ आभारी आहे. निकाल सांगतो.

शटल: शिळी_कढी यांचं म्हणणं जसंच्या तसं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे लेखकाला माहीत होतं की घोळ आहे, तरी ठेवला?" मी म्हटलं लेखकाला नाही, ज्यांनी नंतर जोडलं त्यांना बहुतेक माहीत असेल. वहीत त्या पानावर काट मारली नाही, पण 'घोळ' खोडून 'मुद्दाम' लिहिलंय.

वॉर्फचा किस्सा सांगितला आणि पस्तावलो. काल ताईनं हिला गणिताचे मार्क विचारले. हिचं उत्तर: "आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही."

गोधडी: जिना_उतरताना यांचं उत्तर पूर्ण गुणांनी पास. 'आतलं' असा शिक्का मिळालेलं हे पहिलंच उत्तर. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात तिनं भाग मागे नेऊन तो प्रसंग लावला, जिथे सुलू कुडकुडत संपर्कयंत्रावर विनोद करतो, की एखादी लांब दोरी शोधून गरम कॉफीची किटली खाली सोडता येते का बघा.

तर नवीन पान उघडलंय. ती कॉफी ट्रान्सपोर्टरनं पाठवली असती तर एका किटलीत नुसतं दूध-साखर आणि दुसरीत नुसता कडूपणा आला असता का? आणि समजा आला असता, तर खाली बसलेल्यांनी दोन्ही एकत्र ओतून प्यायला काय हरकत होती?

गाडी रविवारी सव्वासातची आहे. जमल्यास त्याआधी.