लेक विसर्जनाच्या बादलीत पडली होती. यंदा गणपती आणायचा का?

नौपाड्याची सून

नमस्कार. लिहू की नको करत तीन दिवस गेले. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. सासरे मूळचे राजापूरकडचे. आषाढ लागला की पाट धुऊन ते स्वतः मूर्तीच्या कारखान्यात नेऊन देतात. यंदा पाट धुऊन झाला आणि आठ दिवस झाले, दाराशी चपलांच्या कपाटावर तसाच पडून आहे. कुणी नेत नाही, आणि उचलून आतही ठेवत नाही.

गेल्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसला. नऊ इंचाची शाडूची मूर्ती. दुसऱ्या दिवशी आरती करून गॅलरीतच विसर्जन केलं, २० लिटरच्या बादलीत. चार वर्षं असंच करतो. माती विरघळली की ते पाणी तुळशीला आणि जास्वंदीला घालतो. रात्री नवऱ्याने बादलीवर परात झाकली होती. शुक्रवारी सकाळी परात बादलीवर नव्हती.

लेक तेव्हा १७ महिन्यांची. दीड दिवसात तिने "बाबा... पा" म्हणायला शिकून घेतलं होतं, दर पाच मिनिटांनी मखरापाशी जाऊन हात जोडायची. त्या सकाळी मखर रिकामं होतं. सासूबाई निर्माल्य वेगळं करत होत्या, मी मोदकपात्र घासत होते, नवरा आंघोळीला गेला होता. दोन मिनिटं, फार तर तीन. काही पडल्याचा, पाण्याचा, रडण्याचा, कसलाच आवाज आला नाही. घर एकदम शांत वाटलं म्हणून मी वळले.

बादलीच्या बाहेर दोन पाय दिसत होते. एका पायात पैंजण, दुसरं कुठेतरी गळून पडलेलं.

मी तिला ओढून काढलं. केसांत, नाकात, पापण्यांवर राखाडी चिखल. ओठ जांभळे. मी तिला उलटं धरून पाठीवर मारत राहिले, नुसती किंचाळत होते. खालच्या मजल्यावरच्या काकू धावत आल्या. त्यांनी नोकरीत असताना प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं होतं. माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून तिला लादीवर निजवलं आणि तिच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवून फुंकर घातली. मग छाती दाबली, परत फुंकर. कितीदा ते आठवत नाही. एकदम तिने राखाडी पाणी ओकलं आणि रडली. ते रडणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

रिक्षाने ठाण्यातच, 'तीन पेट्रोल पंप' नावाच्या नाक्याच्या पुढे एका हॉस्पिटलात नेलं. फुप्फुसात गढूळ पाणी गेलेलं, ताप चढला, दोन दिवस ऑक्सिजनवर होती. सासूबाई कॉरिडॉरच्या बाकावर अथर्वशीर्षाची आवर्तनं करत बसल्या, २१ झाली की पुन्हा पहिल्यापासून. सासरे सकाळ-संध्याकाळ कौपिनेश्वराच्या देवळात जाऊन अंगारा आणायचे आणि आयसीयूच्या दाराला लावायचे, आत लावू देत नव्हते म्हणून. नवरा मात्र जिन्यापाशी उभा. चौथ्या दिवशी घरी आलो. आता ती सव्वादोन वर्षांची आहे, धडधाकट, भरपूर बोलते.

पण नवऱ्याने त्या दिवसापासून देवासमोर हात जोडलेले नाहीत. म्हणतो, माझ्या घरात ती मूर्ती नको. सासूबाई म्हणतात, ज्याने पोर परत दिली त्यालाच दार बंद करायचं? अधिक महिन्यामुळे यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहे, म्हणून अजून वेळ आहे एवढंच. मी दोघांच्या मध्ये. मला रोज दिवा लावायचा असतो आणि लावताना हात थरथरतो. कुणाच्या घरी असं काही झालंय का? मग देवाचं काय केलंत?

वॉर्डातली ताई

लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, १४ वर्षं. देवाचं दुसरे सांगतील, मी माझ्या कामाचं सांगते, कारण हे वाचणाऱ्यांच्या घरीही बादल्या आणि पिंपं आहेत.

ताई, तुमच्या काकूंनी केलं तेच बरोबर. बुडालेल्या मुलाला उलटं धरायचं नाही, पोट दाबायचं नाही. त्यात वेळ जातो आणि ओकारी श्वासनलिकेत जाते. श्वास नसेल तर आधी पाच फुंकरी, छाती वर येतेय ना ते बघत. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध एका हाताच्या तळव्याने ३० वेळा दाबायचं, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. मग दोन फुंकरी, परत ३०. दुसऱ्या कुणालातरी १०८ लावायला सांगायचं. आणि मूल शुद्धीवर येऊन हसायला लागलं तरी हॉस्पिटलात न्यायचंच, सहा-आठ तास तरी देखरेखीखाली ठेवावं लागतं. फुप्फुसाचा त्रास उशिरा दिसू शकतो.

एवढ्या लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकलं की तोल जातो, आणि मग स्वतःला वर ढकलायला हातात जोर नसतो. तोंड पाण्यात असताना ओरडता येत नाही, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही. तुमचं लक्ष नव्हतं म्हणून नव्हे. हे दोनदा वाचा.

कळव्याची मावशी

अगं, सोयर-सुतक आलं तर त्या वर्षी आपण गणपती आणत नाहीच ना? त्याने काही कोप होत नाही. खंड पडला तर घरावर संकट येतं हे लोकांनी घातलेलं भय आहे, ते मनातून काढ. आणायचा तर सगळ्यांनी मिळून आणा, एकाचंही मन मोडून नको. आणि आणलात तर विसर्जन घरात करू नका. महापालिका मासुंदा तलावापाशी विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करते, तिथे द्या. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. बाकावर बसून म्हटलेलं अथर्वशीर्ष म्हणजे काय असतं ते मी जाणते.

ऐरोलीकर

मी सहसा इथे लिहीत नाही.

माझा मुलगा २०११ च्या मे महिन्यात गावच्या विहिरीत गेला. सहा वर्षांचा होता. आमच्याही घरी गणपती होता, बायकोची संकष्टी होती, नवस फेडलेले होते. त्यामुळे "बाप्पाने वाचवलं" हे कुणी बोललं की मी तिथून उठतो. तुमची वाचवली तर माझा का नाही, याचं उत्तर मला १५ वर्षांत मिळालेलं नाही. हे तुमच्या सासूबाईंना सांगू नका. त्यांना जे वाटतं ते त्यांनी त्या बाकावर कमावलेलं आहे.

त्या वर्षी आम्ही गणपती आणला नाही. पुढच्या वर्षी बायकोच म्हणाली, आणू. ती त्याच्या वाटचा एक मोदक बाजूला काढून ठेवते. संध्याकाळी तो मी खातो. याहून जास्त भक्ती मला जमत नाही, पण तेवढी मी चुकवलेली नाही.

आता एक विचारतो, राग मानू नका. परात कोणी काढली ते तुम्ही लिहिलं नाहीत. विहिरीवर त्या दिवशी पोराला मीच नेलं होतं. बायको मला एक शब्द बोलली नाही, आणि दोन वर्षं मी देवाशी भांडत होतो.

नौपाड्याची सून

काल दुपारी ऐरोलीकर दादांचं वाचलं आणि फोन पालथा घातला.

परात मी काढली होती. मूर्ती विरघळली का ते बघायला. सोंडेचा थोडा भाग अजून दिसत होता, म्हणून म्हटलं राहू दे तासभर. परात धुऊन ओट्यावर ठेवली, परत झाकायचं राहून गेलं. ११ महिने कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना वाटतं वाऱ्याने पडली.

रात्री लेक झोपल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, हॉस्पिटलातून कपडे न्यायला आलो तेव्हाच ओट्यावर परात बघितली होती. मी विचारलं, मग बोलला का नाहीस. म्हणाला, बोललो असतो तर तू जगली नसतीस. मग बराच वेळ दोघं तसेच बसलो. रडलो पण.

वॉर्डातल्या ताई, तुमचं मी दोनदा नाही, दहादा वाचलं. पूर्ण पटलेलं नाही, पण वाचत राहीन. येत्या रविवारी खालच्या काकू आमच्या चौघांना छाती दाबायचं आणि फुंकर घालायचं शिकवणार आहेत, उशीवर. बाथरूममधलं पिंप काढून टाकलंय. मावशी, सासूबाईंना तुमचा नमस्कार सांगितला.

दादा, तुमच्या मुलाचं नाव मला माहीत नाही. आज दिवा लावताना त्याच्यासाठीही हात जोडले. चालेल ना?

आणायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही. आज सकाळी नवरा डबा घेऊन निघाला, दाराशी थांबला, पाटावरची धूळ हाताने पुसली आणि सासऱ्यांना विचारलं, "सहा इंचाची मिळते का?" सासरे म्हणाले, "मिळते."